भाडें, हप्ता आणि मालकी

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली, त्या आठवड्यांत एक पालक आम्हांस भेटावयास आले. ते टेंपो चालवितात. त्यांचा मुलगा आमच्या दहावीच्या वर्गांत असून, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा तो चांगल्या श्रेणीनें उत्तीर्ण झाला आहे. उन्हाळ्याच्या सुटींत बाजारांतील एका फ्लेक्सच्या दुकानांत बसून तो लग्नपत्रिकांची व फलकांची मांडणी करावयास शिकला. आतां तेंच काम घरच्या संगणकावर करावें असें त्याच्या मनानें घेतलें. परंतु ज्या सॉफ्टवेअरवर तो शिकला, तें एकदां पैसे देऊन विकत आणतां येत नाहीं; त्याची वर्गणी दरमहा भरावी लागते. वडिलांनीं आम्हांस विचारलें, "सर, टेंपोचे हप्ते मीं पांच वर्षें भरले. शेवटचा हप्ता गेला आणि गाडी माझी झाली. ह्याचे पैसे किती वर्षें भरले म्हणजे तें आमचें होईल?"

"कधींच नाहीं," असें उत्तर आम्हांस द्यावें लागलें. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जें आश्चर्य दिसलें, तें अडाणीपणाचें खचित नव्हतें. ज्यानें घाम गाळून पैसा मिळविला आहे, त्यालाच असा प्रश्न सुचतो. हल्लीं हा प्रश्न पुष्कळ घरांत उद्भवत असल्यामुळें, ह्या वार्षिकांत त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. खरेदी म्हणजे एकदां मोल देऊन वस्तु आपली करणें. हप्ता म्हणजे तीच खरेदी, पण तुकड्यातुकड्यांनीं. तिला शेवट आहे, आणि शेवटीं मालकी आहे. भाडें हें निराळें. घराचें भाडें तीस वर्षें भरलें तरी घर मालकाचेंच राहतें. मात्र तीस वर्षें डोक्यावर छप्पर मिळालें, हाही लाभ लहान नव्हे. आतां सॉफ्टवेअरच्या व्यापारांत ज्याला वर्गणी म्हणतात, तें वस्तुतः भाडें आहे. आपल्याकडे वर्गणी हा शब्द मासिकांमुळें ओळखीचा झाला. मासिकाची वर्गणी बंद केली तर पुढचा अंक येत नाहीं, पण मागचे अंक आपल्या कपाटांतून कोणी काढून नेत नाहीं. सॉफ्टवेअरची वर्गणी बंद केली, तर कपाटालाच कुलूप लागतें. शब्द एक, व्यवहार दोन. फसगत होते ती येथेंच.

पूर्वीं असें नव्हतें. शिशाच्या खिळ्यांच्या काळांत छापखानेवाला खिळे विकत घेई, आणि ते झिजले म्हणजे वितळवून त्यांचें शिसें पुन्हां कामास येई. संगणकावर मुद्रणाचें काम होऊं लागलें, तेव्हांही खरेदीचीच रीत होती. जॉन वॉर्नॉक व चार्लस गेश्की ह्या दोघांनीं १९८२ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत ॲडोबी ही कंपनी काढिली. तिचें इलस्ट्रेटर हें रेखाचित्रांचें सॉफ्टवेअर १९८७ सालीं बाहेर पडलें, आणि टॉमस व जॉन नोल ह्या बंधूंनीं तयार केलेलें फोटोशॉप तिनें १९९० सालीं विक्रीस काढिलें. पुढें २००३ सालापासून अशीं अनेक सॉफ्टवेअरें एकत्र बांधून ती क्रिएटिव्ह सूट ह्या नांवानें विकूं लागली. गिऱ्हाईक पेटी विकत घेई, तींतील तबकडी संगणकांत घाली आणि कामास लागे. नवी आवृत्ति निघाली म्हणजे जुन्या गिऱ्हाइकास ती सवलतीनें मिळे. ती नको असेल त्याचें जुन्या आवृत्तीवर काम चाले.

ह्या मालिकेची सहावी आवृत्ति २०१२ सालीं निघाली. ता. ६ मे २०१३ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, ह्यापुढें क्रिएटिव्ह सूटची नवी आवृत्ति निघणार नाहीं. नवें जें कांहीं होईल तें क्रिएटिव्ह क्लाउड ह्या नांवाखालीं केवळ वर्गणीनें मिळेल. चित्रकार, छायाचित्रकार व मुद्रक यांच्यांत मोठी खळबळ उडाली. हजारों लोकांनीं विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. कंपनीनें छायाचित्रकारांसाठीं एक स्वस्त योजना त्याच वर्षीं आणिली, पण मूळ निर्णय फिरविला नाहीं.

विद्यार्थ्यांनो, येथें कागद-पेन्सिल घेऊन थोडें गणित करूं. सहाव्या आवृत्तीच्या वेळीं एकट्या फोटोशॉपची अमेरिकेंतील किंमत ६९९ डॉलर होती. ज्याच्याजवळ आधींची आवृत्ति होती, त्यास नवी १९९ डॉलरांस मिळे. २०१३ सालीं एका सॉफ्टवेअरची वर्गणी, वर्षाच्या करारानें, दरमहा १९.९९ म्हणजे जवळजवळ २० डॉलर ठरली. ६९९ ला २० नें भागिलें असतां सुमारें ३५ येतात. म्हणजे तीन वर्षांस एक महिना कमी असतांच भाड्याची बेरीज खरेदीच्या किंमतीला गांठते. सहा वर्षांत भाडें १,४४० डॉलर होतें. एकदांच विकत घेऊन स्वस्थ बसणाराचे ६९९ डॉलरच जातात. जुन्याच भावानें दर दोन वर्षांनीं नवी आवृत्ति मिळत राहिली असती असें धरलें, तरी सहा वर्षांत त्याचे १,०९७ डॉलर झाले असते. थेंबें थेंबें तळें साचे ही म्हण येथेंही खरी ठरते. मात्र हें तळें दुसऱ्याच्या शेतांत साचतें.

पण गणिताची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सगळ्या सॉफ्टवेअरांचा मोठा संच २,५९९ डॉलरांस मिळे. त्याच सर्वांची वर्गणी दरमहा जवळजवळ ५० डॉलर ठरली. येथें बरोबरी होण्यास ५२ महिने लागतात. ज्या होतकरू तरुणास २,५९९ डॉलर एकरकमी जन्मांत उभे करतां आले नसते, त्यास ५० डॉलरांत सारीं हत्यारें हातीं घेतां आलीं. ज्याचें काम दोन-चार महिन्यांचेंच आहे, त्यानें तर विकत घेणें हाच उधळेपणा ठरेल. मांडवाचे खांब व ताडपत्र्या कोणी लग्नाकरितां विकत घेत नाहीं.

विकणाराचीही अडचण समजून घेणें न्यायाचें होय. सॉफ्टवेअर टेबल-खुर्चीसारखें एकदां करून संपत नाहीं. त्यांतील दोष काढावे लागतात व नव्या यंत्रांशीं तें जुळवून घ्यावें लागतें. विक्रीच्या पद्धतींत नवी आवृत्ति निघाली कीं पैशाचा पूर येई, आणि मग ओहोटी लागे. भाड्यानें हा ओघ सारखा झाला. ॲडोबीचें वार्षिक उत्पन्न २०१२ सालीं सुमारें ४४० कोटी डॉलर होतें. २०१३ सालीं तें सुमारें ४०६ कोटींपर्यंत उतरलें. आणि २०२४ सालीं तें २,१५० कोटींवर गेलें. ही सारी वाढ एकट्या वर्गणीमुळें झाली असें म्हणतां येणार नाहीं, पण तिचा वांटा मोठा आहे ह्यांत संशय नाहीं.

शिवाय मालकी म्हणजे अमरपट्टा नव्हे. पेटी विकत घेणारासही सॉफ्टवेअर मिळत नसे, तें वापरण्याचा परवाना मिळे. ऑक्टोबर २०१९ मध्यें ॲपल कंपनीनें आपल्या संगणकांसाठीं कॅटलिना नांवाची नवी प्रणाली काढिली. तिनें ३२ बिट पद्धतीचीं जुनीं सॉफ्टवेअरें चालविणें बंद केलें. ज्यांनीं ती प्रणाली आपल्या यंत्रांत घातली, त्यांचा सहाव्या आवृत्तीचा संच पैसे पुरे भरलेले असूनही चालेनासा झाला. विळी-कोयत्याप्रमाणें हीं हत्यारें आजोबांकडून नातवाकडे जात नाहींत.

मग भाड्यांत धोका कोणता? आमच्या मतें पैशापेक्षां पराधीनता हा मोठा धोका आहे. भाडें किती असावें हें मालक ठरवितो व वाढवितोही तोच. करारांतील बारीक अक्षरें वाचलीं नाहींत, तर बाहेर पडणेंही महाग पडतें. वर्षाचा करार करून पैसे मात्र दरमहा घ्यावयाचे, आणि मध्येंच सोडणारास जो दंड बसतो तो त्याच्या नजरेस नीट येऊं द्यावयाचा नाहीं, असा आरोप ठेवून अमेरिकन सरकारनें जून २०२४ मध्यें ॲडोबीवर फिर्याद केली. उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा अर्धा भाग हा तो दंड होता. दरमहा पैसे देणें आणि महिन्यापुरतें बांधलें जाणें ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें पालकांनीं सहीपूर्वीं ध्यानांत घ्यावें.

ह्याहून जवळचा अनुभव आमच्या पदरीं आहे. कांहीं वर्षांपूर्वीं ह्याच वार्षिकाची मांडणी एका माजी विद्यार्थ्यानें हौसेनें करून दिली. वर्गणी त्याची होती. पुढें त्यानें धंदा बदलला व वर्गणी बंद केली. गेल्या वर्षीं त्या अंकांतील कांहीं लेख पुन्हां छापावयाचे ठरलें, तेव्हां फाईल शाळेच्या संगणकांत जागच्या जागीं होती, पण उघडेना. छापखान्याकडे पाठविलेली पीडीएफ प्रत सुदैवानें हातीं लागली. तिच्यांतून मजकूर उतरवूं गेलों, तों अक्षरें जुन्या पद्धतीच्या फाँटांत बसविलेलीं असल्यामुळें मराठीच्या जागीं रोमन चिन्हांची खिचडी दिसूं लागली. अखेर नववींतील दोन मुलींनीं चार दिवस बसून सव्वीस पानें पुन्हां टंकलिखित केलीं. आमचेंच लिखाण आम्हांस परके झालें होतें. ह्यांत दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे. सोय आहे तोंवर गैरसोयीचा विचार आम्हीं केला नाहीं, हा आमचाच.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे. हत्यार भाड्याचें असो वा मालकीचें, काम पुरें झालें कीं त्याची एक प्रत सर्वांस उघडतां येईल अशा रूपांत ठेवावयाची. छापील पानासाठीं पीडीएफ, रेखाचित्रासाठीं एसव्हीजी, रंगीत चित्रासाठीं पीएनजी, आणि मजकूर युनिकोडमध्यें. पीडीएफ हें रूप १९९३ सालीं ॲडोबीनेंच काढिलें, आणि २००८ सालीं तें आंतरराष्ट्रीय मानक होऊन सर्वांस खुलें झालें. हें त्या कंपनीचें ऋण मान्य केलें पाहिजे. युनिकोड मराठीसाठीं मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेनें केलेले मुक्त व बलू हे सुबक फाँट विनामूल्य मिळतात.

भाडें व खरेदी यांशिवाय तिसरी वाटही आहे. कांहीं सॉफ्टवेअरें लोकांनीं एकत्र येऊन लिहिलीं व सर्वांसाठीं मोकळीं ठेविलीं. अमेरिकेंतील बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनीं सुरू केलेलें गिंप १९९६ सालीं लोकांपुढें आलें. रेखाचित्रांचें इंकस्केप २००३ सालीं निघालें. रंगविण्यास क्रिटा आहे व पानांच्या मांडणीस स्क्रायबस आहे. ब्लेंडर हें त्रिमितीय चित्रांचें सॉफ्टवेअर २००२ सालीं लोकांनीं एक लाख युरो जमवून मोकळें करविलें; त्याच ब्लेंडरनें केलेल्या 'फ्लो' ह्या लॅटव्हियाच्या चित्रपटास २०२५ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. एकरकमी विक्रीची रीत चालविणारेही होते. इंग्लंडांतील सेरिफ कंपनीनें २०१४ सालापासून आपलीं ॲफिनिटी सॉफ्टवेअरें सुमारें पन्नास डॉलरांस एक अशीं विकलीं. २०२४ सालीं कॅनव्हा ह्या ऑस्ट्रेलियन कंपनीनें तीं घेतलीं, व २०२५ च्या ऑक्टोबरांत खातें उघडणारास फुकट देऊं केलीं. पण फुकट म्हणजे आपलें नव्हे. ज्यानें दार उघडलें त्याला तें लावतांही येतें. लोकांनीं लिहिलेल्या मोकळ्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. त्याची प्रत आपल्याजवळ आली कीं ती कोणी काढून घेऊं शकत नाहीं.

चौथी एक वाट आहे, तिचें नांव घेणेंही प्राप्त आहे. त्या पालकांनीं संकोचानें सांगितलें, "दुकानदार म्हणतो, शंभर रुपये द्या, मी टाकून देतों." ही चोरी होय. दहा दुकानांतून चालते म्हणून ती रीत होत नाहीं. जो मुलगा उद्यां आपल्या रेखाटनाचें मोल मागणार आहे, त्यानें पहिलें हत्यारच दुसऱ्याचें मोल बुडवून मिळवूं नये. अशा चोरट्या प्रतींबरोबर संगणकांत काय काय शिरतें, हा विचार आणखी वेगळा.

त्या पालकांस आम्हीं अखेर असें सांगितलें: शिकावयास मोकळें सॉफ्टवेअर पुरेसें आहे, कारण रेषा, रंग व अक्षरांतील अंतर यांची जाण हातांत व डोळ्यांत येते, ती भाड्यानें मिळत नाहीं. एखादें काम विशिष्ट सॉफ्टवेअरवांचून अडलें, तर तेवढ्यापुरती वर्गणी भरावी, ती त्या कामाच्या मोबदल्यांत धरावी, आणि सोडण्याची तारीख आधींच कागदावर लिहून ठेवावी.

मुलगा इंकस्केपवर बसला. सुरुवातीस कुरकुर झाली, आणि ती अगदींच खोटी नव्हती; पहिली पत्रिका छापखान्यांतून परत आली, कारण पडद्यावरचा तांबडा कागदावर विटकरी उतरला. मग छपाईच्या चार शायांचा हिशेब स्क्रायबसमधून कसा करावा, हें त्यानें शिकून घेतलें. मोकळ्या हत्याराचें मोल पैशांत नसलें तरी कष्टांत द्यावें लागतें, हें येथें लपविण्याचें कारण नाहीं. ह्या अंकांतील क्रीडावृत्ताचीं चार पानें त्यानेंच मांडिलीं आहेत. त्यांची फाईल शाळेंत आहे, एक प्रत त्याच्या घरीं आहे. आणि दहा वर्षांनीं ती उघडावयास कोणाची परवानगी मागावी लागणार नाहीं, एवढी खात्री ह्या वेळीं आम्हीं करून घेतली आहे.