शिंगाची बटणे
गाय, बैल, म्हैस, रेडा, मेंढी इ. पाळीव प्राण्यांच्या शिंगांच्या बाह्य आवरणापासून तयार केलेली बटणे. खुरांपासून केलेली बटणेही याच वर्गात घालण्याचा प्रघात आहे. कारण शिंग व खूर या दोहोंचा मुख्य घटक केराटीन हे प्रथिन होय. जुनी बटणे जमविणाऱ्या संग्राहकापुढे दोन प्रश्न असतात : हाड, मृगशृंग व प्लॅस्टिक यांपासून शिंगाचे बटण वेगळे ओळखणे आणि ओळखताना त्याला इजा पोचू न देणे. तापल्या सुईची सर्वपरिचित कसोटी दुसऱ्या बाबतीत हमखास अपयशी ठरते आणि पहिल्या बाबतीतही नेहमी निर्णायक नसते. शिंग कसे वाढते हे ठाऊक असल्यास मात्र साधे भिंग व पुरेसा उजेड एवढ्यावर बहुतेक काम भागते.

शिंगाची रचना : गोकुलातील प्राण्यांच्या शिंगात कवटीला जोडलेला अस्थिगाभा असतो व त्यावर केराटिनाचे आवरण असते. हे आवरण बुडाशी वाढते. नवे थर जुन्या थरांखाली येत असल्यामुळे एकात एक बसविलेल्या शंकूंसारखी त्याची घडण होते. गाभा काढल्यावर शिंगाचा खालचा भाग पोकळ राहतो. टोक भरीव असते. टोकाच्या आडव्या कापातून काढलेल्या चकतीवर समकेंद्री वलये दिसतात, तर पोकळ भाग उकलून केलेल्या पत्र्यातील बटणावर जवळजवळ समांतर, किंचित नागमोडी रेषा दिसतात. सांबर व चितळ यांची शाखायुक्त शिंगे (मृगशृंगे) ही केराटिनाची नसून हाडाची असतात व ती दर वर्षी गळून पडतात.

बुलढाणा जिल्ह्यातील शिंगे : कच्चा माल ओळखण्याच्या दृष्टीने हा जिल्हा उपयुक्त आहे. नागपुरी (वऱ्हाडी) म्हशीची शिंगे लांब, चपटी, तलवारीसारखी असून मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे खांद्याकडे वळलेली असतात. जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातील फिकट रंगाच्या पूर्णाथडी म्हशीची स्वतंत्र जात म्हणून २०२३ मध्ये नोंद झाली. म्हशीच्या शिंगाचा आडवा छेद सामान्यतः त्रिकोणी वा चपटा व रंग बहुधा काळा असतो. गाय-बैलांच्या शिंगाचा छेद वाटोळा असून त्यात पिवळट, करड्या व तपकिरी छटांचे अर्धपारदर्शक पट्टे आढळतात. पोळ्याच्या सुमारास बैलांची शिंगे तासून रंगविली जातात; त्या वेळी निघणारा पातळ, वळलेला कीस पाहिल्यास शिंगाचे थर व त्यांची नखासारखी अर्धपारदर्शकता सहज लक्षात येते.

निर्मितिपद्धती : घडणीनुसार शिंगाच्या बटणांचे तीन प्रकार होतात. (१) कापीव : शिंगाचे टोक वा पत्रा कापून, कातून, भोके पाडून व झिलई देऊन ही तयार करतात. (२) दाबीव : शिंग उष्णतेने मऊ होते व दाबाखाली दिलेला आकार थंड झाल्यावर टिकवून धरते. या गुणाचा उपयोग करून पत्र्यावर ठशाने नक्षी उठवितात. कोकणात विजयदुर्ग येथील कारागीर गव्याच्या शिंगाला खोबरेल लावून ते विस्तवावर शेकून मऊ करीत व त्याच्या शोभेच्या वस्तू घडवीत. तत्त्व तेच होय. (३) साचीव : खूर व शिंग यांचा चुरा रंगवून, साच्यात तापवून व दाबून ही बटणे केली जात. १८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये ही पद्धती पुढे आली. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळशी काळी नक्षीदार बटणे या प्रकारची आहेत. इंग्लंडमधील हेल्सओवेन हे शिंगाच्या बटणांचे जुने केंद्र असून तेथे १८५७ मध्ये स्थापन झालेला जेम्स ग्रोव्ह अँड सन्स हा कारखाना २०१२ मध्ये बंद पडला. भारतात उत्तर प्रदेशातील संभल येथे शिंग व हाड यांच्या बटणांचा व्यवसाय चालतो.

ओळख : प्रथम बटण उजेडासमोर धरावे. फिकट शिंगातून उजेड झिरपतो. काळ्या शिंगाची पातळ कडही पुष्कळदा तपकिरी दिसते. त्यानंतर भिंगाने कड व भोकांच्या आतील बाजू पाहावी. तेथे झिलई कमी असल्याने थर स्पष्ट दिसतात व कधी ते सुटू लागलेले असतात. पाठीवर लहानसा खोल टोचा आढळल्यास बटण साचीव असण्याचा संभव मोठा. साच्यातून ते उचलण्यासाठी वापरलेल्या हत्याराची ती खूण असते. कडेला किंवा पृष्ठावर कसरीने खाल्ल्यासारखे वेडेवाकडे खड्डे असणे हाही चांगला पुरावा आहे. काही किड्यांच्या अळ्या केराटीन खातात, प्लॅस्टिकला त्या शिवत नाहीत.

हाडाच्या बटणावर सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या मार्गांचे काळसर ठिपके वा रेघा दिसतात. मृगशृंगाच्या बटणाच्या दर्शनी बाजूस सालीसारखा खडबडीतपणा व पाठीस सच्छिद्र गाभा असतो. पॉलिएस्टरच्या नकली बटणांत शिंगासारखे पट्टे असतात. परंतु ते थरांना अनुसरत नाहीत आणि एकाच संचातील अनेक बटणांवर तोच नमुना आढळतो. खऱ्या शिंगाची दोन बटणे तंतोतंत सारखी नसतात.

सर्वांत फसवी नक्कल केसीनची होय. दुधातील प्रथिनापासून केलेले हे प्लॅस्टिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्याची घनता शिंगाच्या घनतेजवळ (सु. १·३) असल्याने पाण्यात बुडण्याची कसोटी येथे निरुपयोगी ठरते. तापली सुई टेकविल्यास शिंगाला जळक्या केसांचा व केसीनला करपलेल्या दुधाचा वास येतो. पण दोन्ही प्रथिनेच असल्याने सराव नसलेल्या माणसाची फसगत होते. बटण सेल्युलॉइडचे निघाल्यास ते पेटण्याचा धोका असतो. शिवाय सुईचा डाग कायमचा राहतो. म्हणून ही कसोटी मोडक्या, टाकाऊ नमुन्यांपुरतीच मर्यादित ठेवावी.

वर्गीकरण : नोंद करताना कच्चा माल, निर्मितिपद्धती, जोडणी (दोन वा चार भोके, पाठीमागील कडी), सजावट (कोरीव, ठशाची, शिंपल्याची वा धातूची जडावाची), आकारमान व काळ असा क्रम सोयीचा असतो. व्यापारात आकारमान ‘लाइन’ या एककात देतात, ४० लाइन म्हणजे १ इंच (२५·४ मिमी.). अमेरिकेतील नॅशनल बटन सोसायटी (स्थापना १९३८) १९१८ पूर्वीची व त्यानंतरची बटणे वेगवेगळ्या विभागांत घालते.

कायदा व जतन : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गवा, सांबर, चितळ इ. वन्य प्राण्यांची शिंगे व त्यांच्या वस्तू यांच्या व्यापारावर बंदी आहे. गळून पडलेली मृगशृंगेही तिला अपवाद नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा व मेळघाटच्या वनपट्ट्यातील अंबाबरवा ही अभयारण्ये असल्यामुळे येथील संग्राहकाने हा भेद विशेष काटेकोरपणे पाळणे आवश्यक आहे. म्हशीच्या शिंगाचे बटण बाळगण्यास या अधिनियमाची आडकाठी नाही; सांबरशिंगाचे बटण मात्र विकत घेणाऱ्यास अपराधी ठरवू शकते. हाड व केराटीन यांतील फरक येथे केवळ शास्त्रीय राहत नाही.

शिंग पाण्यात भिजल्यास फुगते व वाळताना वाकते किंवा थर सोडते. म्हणून बटणे धुऊ नयेत, मऊ कोरड्या कापडाने पुसावीत. वऱ्हाडातील कडक उन्हाळा व पाठोपाठचा दमट पावसाळा यांमुळे त्यांना तडे जातात, यास्तव ती उन्हापासून दूर, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावीत. लोकरी कापडावर टाचून ठेवल्यास कसर लागते. जाड कागदाचे तक्ते अधिक योग्य. पावसाळ्यात व त्यानंतर भिंगाने तपासणी करावी. प्रत्येक बटणासोबत ते कोठून व कोणत्या वस्त्रावरून मिळाले हे लिहून ठेवावे. थर व रंग पाहून कच्चा माल ओळखता येतो, परंतु बटणाचा इतिहास अशा नोंदीवाचून कळत नाही.