वर्गणीवर उडणारे हेलिकॉप्टर

डोंगरावरच्या वाडीतून रुग्णाला झोळीत घालून खाली आणताना वाटेतच प्राण गेल्याच्या बातम्या आम्ही आजही वाचतो. म्हणून स्वित्झर्लंडची ही हकिकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

त्या डोंगराळ देशात ‘रेगा’ ही हवाई बचाव संस्था १९५२ साली स्थापन झाली. १४१४ क्रमांकावर फोन येताच वैमानिक, डॉक्टर व उपचार-सहायक असे तिघे हेलिकॉप्टरने निघतात. उतरायला जागा नसेल तर हेलिकॉप्टर हवेतच स्थिर ठेवून दोराने माणूस खाली सोडतात आणि रुग्णाला वर घेतात.

हा खर्च चालतो कसा? सरकारी अनुदानावर नव्हे. पैशांची ओढाताण झाली तेव्हा, १९६६ साली, संस्थेने जनतेला हाक दिली. आज लाखो लोक दरवर्षी छोटीशी वर्गणी देतात. विम्यातून खर्च निघाला नाही, तर वर्गणीदाराचे बिल संस्था माफ करू शकते. मात्र रुग्णाला उचलताना ‘वर्गणी भरली का?’ असे कोणी विचारत नाही.

सरकारने द्यायचे ते आपण मागतच राहू. पण तोवर वस्तीसाठी एक साधी रुग्णवाहिका वर्गणीतून उभी करता येणार नाही का? वाचकहो, घरात बसून याचा विचार जरूर करा.