ईटीपी बसवला म्हणजे प्रदूषण संपले?

ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, चालू असले की कारखान्याचे प्रदूषण मिटले, हा उद्योगक्षेत्रातला सर्वांत चिवट आणि सर्वांत घातक गैरसमज आहे. क्रोम प्लेटिंग पाहिले की तो कुठे फसतो ते कळते. प्लेटिंगनंतर जॉब, म्हणजे मुलामा दिलेली वस्तू, धुतलेल्या पाण्यात कर्करोगकारक षट्संयुजी क्रोमियम उतरते. ईटीपीत पाण्याचा सामू 2 ते 3 वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप करतात, मग चुना घालून ते खाली बसवतात. पाणी निवळते, पण क्रोमियमचा एक अणूही नाहीसा होत नाही. तो फिल्टर प्रेसमधल्या गाळात असतो आणि चुन्यामुळे त्या गाळाचा बोजा आणखी वाढलेला असतो. घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या नियमांनुसार हा गाळ घातक कचरा ठरतो. तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रातच जायला हवा. नाल्याकाठी टाकला, तर ईटीपीवरचा सगळा खर्च पाण्यात गेला.

म्हणून पाहायचे ते ईटीपीच्या आधी. जॉब टाकीतून काढताना त्याला चिकटून द्रावण बाहेर येते. कारागीर त्याला ड्रॅग-आउट म्हणतात. रॅक टाकीवरच थोडा जास्त वेळ निथळू दिला, तरी ते घटते. क्रोमची टाकी गरम असते, तिच्यातले पाणी उडत राहते. ही तूट धुण्याच्या पहिल्या टाकीतल्या पाण्याने भरता येते. सर्वांत मोठा फरक धुण्याच्या पद्धतीने पडतो. ड्रॅग-आउट हजारपट विरळ करायचे, तर एका टाकीत त्याच्या लिटरमागे सुमारे 1000 लिटर पाणी लागते. जॉबच्या उलट दिशेने पाणी वाहणाऱ्या दोन टाक्यांत सुमारे 32 आणि तीन टाक्यांत अवघे 10 लिटर पुरते. हा साधा हिशेब आहे, तरीही कित्येक ठिकाणी एकाच टाकीवर नळ दिवसभर सोडलेला असतो!

इतर समज थोडक्यात. पाणी मिसळले की सांडपाणी मर्यादेत येते: भूपृष्ठीय जलस्रोतात सोडताना षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. पाणी ओतून आकडा उतरतो, नदीत जाणारे क्रोमियम तेवढेच राहते. पाणी नितळ म्हणजे शुद्ध: विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. कचरा घटवणे म्हणजे निव्वळ खर्च: अमेरिकेच्या थ्रीएम कंपनीने 1975 मध्येच याच्या उलट धोरण स्वीकारले आणि प्रदूषण मुळाशी रोखणे फायद्याचे असते, असे आपल्या कार्यक्रमाच्या नावातच जाहीर केले. शून्य विसर्ग, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडणे, म्हणजेच शून्य कचरा: पाणी आटवायला इंधन जळते आणि क्षार मागे उरतात. तिरुपूरच्या कापड रंगाई उद्योगाने शून्य विसर्ग स्वीकारला, तेव्हा मिश्र क्षारांच्या साठ्याचा प्रश्न उभा राहिला.