ट्रॉलीला मेट्रो म्हणायचं का?

आपल्याकडे ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे बिल्डरच्या जाहिरातीत असतं. (ती मिनिटं कोण धावत मोजतं, देव जाणे.) अमेरिकेत काही राज्यांनी हे अंतर थेट कायद्यातच घातलंय: अर्धा मैल, म्हणजे साधारण ८०० मीटर.

कॅलिफोर्नियात आमदार स्कॉट वीनर यांनी २०१८ मध्ये स्टेशनजवळ उंच इमारतींना मुभा देणारं विधेयक आणलं. पहिल्याच समितीत ते झोपलं. दुसरं २०२० मध्ये सिनेटमध्ये आपटलं. अखेर २०२५ मध्ये ‘एसबी ७९’ पास झालं. बड्या स्टेशनला अगदी खेटून, म्हणजे २०० फुटांत, नऊ मजल्यांपर्यंत जाता येतं. आजवर त्याच स्टेशनांबाहेर कितीतरी ठिकाणी एका प्लॉटवर एकच घर, असा नियम होता!

त्याआधी, २०२३ पासून, तिथे आणखी एक गंमत लागू झाली. स्टेशनच्या अर्ध्या मैलात नवी इमारत बांधताना पार्किंग ठेवायची सक्ती सहसा करता येत नाही. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य म्हणून बघा.

खरी धमाल मात्र मॅसॅच्युसेट्सची. २०२१ च्या कायद्याखाली बोस्टन परिसरातली १७७ गावं-शहरं येतात. एकरी निदान १५ घरं बसतील असा एक पट्टा त्यांनी मोकळा करायचा. बांधाच असं नाही, फक्त बांधणाऱ्याला अडवू नका. मिल्टन गाव अडून बसलं. त्यांच्याकडे धावते ती १९४० च्या दशकातली एका डब्याची ट्रॉली, केशरी आणि क्रीम रंगाची, पाहुण्यांनी फोटो काढावेत अशी. सरकारी हिशेबात मात्र ती मेट्रोच्या पंगतीला, म्हणून गावाच्या वाट्याला जास्त घरं आली. ‘हिला कोण जलद म्हणेल?’ असा गावाचा सवाल. खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड आहे, हेतू तितकासा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून नवा आराखडा फेटाळला आणि प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायदा पाळावाच लागेल. पण सरकारने नियमावली रीतसर काढलेली नाही, ती पुन्हा काढा. दोघांच्याही कानाला चिमटा.

ट्रॉली वाटेत चक्क एका दफनभूमीतून जाते. मार्गालगतच्या तेवढ्याच रहिवाशांनी अजून हरकत घेतलेली नाही.