वाद्यवृंदाच्या जाहिरातीची भाषा : एका स्वतंत्र जॅझ-फ्यूजन वृंदाच्या निमित्ताने

एखादा नवा वाद्यवृंद आपल्या कार्यक्रमांची आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेची जाहिरात करतो, तेव्हा त्या जाहिरातीत भाषा अशी फारच थोडी असते. वृंदाचे नाव, संगीताचा प्रकार, तारीख, स्थळ आणि प्रवेशमूल्य, इतकाच मजकूर. क्रियापद बहुधा नसतेच. आपल्याकडील नाटकांच्या वृत्तपत्री जाहिरातींशी परिचय असलेल्यांना या क्रियापदहीन शैलीचे नवल वाटणार नाही. परंतु मजकूर जितका तोकडा, तितका त्यातील प्रत्येक शब्दावर भार अधिक पडतो. ज्या वृंदामागे मोठी कंपनी नाही, ओळखीचा गायक नाही, त्याच्या बाबतीत तर भिंतीवरील पाचसहा शब्दांवरच श्रोता येणार की नाही हे ठरते. हे शब्द कोठून आले आणि ते काय काम करतात, हा भाषाभ्यासकाच्या कक्षेतला प्रश्न आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील ‘स्नार्की पपी’ हा वृंद घ्यावा. मायकेल लीग या बास-गिटारवादकाने २००४ साली टेक्सास राज्यातील डेंटन येथे, नॉर्थ टेक्सास विद्यापीठातील सहाध्यायांना घेऊन तो स्थापन केला. जॅझ संगीताची पदवी देणारा अमेरिकेतील पहिला अभ्यासक्रम १९४७ साली याच संस्थेत सुरू झाला होता, हे येथे लक्षात ठेवणे इष्ट. वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका, ‘द ओन्ली कॉन्स्टंट’, २००६ साली निघाली. ती काढावयास कोणतीही मोठी कंपनी पुढे आलेली नव्हती. नावाचा अर्थ ‘खवचट पिल्लू’ असा काहीसा होतो. ज्या वृंदात वीसपंचवीस वादक आलटून पालटून वाजवितात, त्याने आपल्याला पिल्लू म्हणवून घ्यावे यातील गंमत सोडून दिली, तरी नावात संगीताचा निर्देश कोठेच नाही ही गोष्ट महत्त्वाची आहे. तो निर्देश करण्याचे काम ‘जॅझ-फ्यूजन’ या जोडशब्दावर पडते, आणि तो शब्द या कामाला कितपत पुरा पडतो याविषयी शंका घ्यावयास जागा आहे.

‘जॅझ’ हा शब्द मुळात संगीतातला नव्हे. त्याचा आरंभीचा लिखित आढळ १९१२ सालच्या लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्रात आहे, आणि तो बेसबॉलमधील एका वळणदार चेंडूफेकीसंबंधी आहे. पुढील वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडावृत्तांत तो ‘जोम’ किंवा ‘तडफ’ या अर्थाने येतो. संगीताला तो चिकटला शिकागोमध्ये, १९१५ च्या सुमारास. १९१७ साली जी पहिली जॅझ तबकडी मानली जाते, तिच्यावर वृंदाच्या नावातील हा शब्द ‘जॅस’ असा लिहिलेला होता. म्हणजे ज्या संगीताचा पिंड न्यू ऑर्लीन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत घडला, त्याचे नाव पश्चिम किनाऱ्यावरील क्रीडावार्ताहरांच्या बोलीतून आले. ड्यूक एलिंग्टनपासून मॅक्स रोचपर्यंत अनेक थोर वादकांना हे नाव रुचत नसे, ते अकारण नव्हे. निकोलस पेटन या तुतारीवादकाने तर २०११ साली ते उघडपणे टाकून दिले. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने मात्र २००० सालच्या आरंभी याच शब्दाला विसाव्या शतकाचा शब्द म्हणून निवडले. एकाच शब्दाविषयी विद्वानांना जे कौतुक वाटते ते त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्यांना वाटेलच असे नाही.

‘फ्यूजन’चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. लॅटिनमधील ‘ओतणे, वितळविणे’ या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला. त्यात ओतशाळेची कल्पना आहे : दोन धातू वितळून एक व्हावेत आणि पुन्हा वेगळे काढता येऊ नयेत. १९६९ आणि १९७० साली माइल्स डेव्हिसने ‘इन अ सायलेंट वे’ व ‘बिचेस ब्रू’ या ध्वनिमुद्रिका काढल्या, तेव्हा त्या संगीताला प्रथम ‘जॅझ-रॉक’ असे म्हटले जाई. ‘फ्यूजन’ हे नाव सत्तरीच्या दशकात रुळले. तथापि त्यापूर्वीच, १९६७ साली, लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली होती. तिचे रचनाकार जॉन मेयर हे मूळचे कलकत्त्याचे. त्यांचे सहकारी सॅक्सोफोनवादक जो हॅरियट हे जमैकाचे. अशा रीतीने हा शब्द शीर्षकात आणणाऱ्यांत एक भारतीय रचनाकार होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

परंतु मेयर-हॅरियट यांच्या वृंदाची रचना पाहिली म्हणजे शब्द आणि वस्तू यांतील अंतर लक्षात येते. त्यांचा पूर्वीचा १९६६ चा ‘इंडो-जॅझ सूट’ वाजविणारा वृंद ‘दुहेरी पंचक’ म्हणून ओळखला जाई. पाच वादक जॅझचे, पाच भारतीय वाद्यांचे. दोन्ही बाजू समोरासमोर, आपापल्या रीतीने बोलणाऱ्या. यात काही वितळले असे म्हणणे कठीण.

हा भेद नेमका मांडण्याची परिभाषा आपल्या अलंकारशास्त्रात पूर्वीपासून तयार आहे. एका पद्यात दोन अलंकार एकत्र आले असता आलंकारिक विचारतात : ते तीळ आणि तांदूळ यांप्रमाणे मिसळले आहेत, की दूध आणि पाणी यांप्रमाणे? पहिल्या प्रकाराला ‘संसृष्टी’, दुसऱ्याला ‘संकर’. संसृष्टीत प्रत्येक दाणा वेगळा दिसतो. संकरात एकावाचून दुसरा उभा राहत नाही. या कसोटीवर दुहेरी पंचक ही स्पष्ट संसृष्टी होय. हिंदुस्थानी संगीतात बसंत-बहारसारख्या जोडरागात दोन्ही राग जाणत्या श्रोत्याला ओळखता येतात, किंबहुना ते ओळखता येण्यातच आनंद असतो, त्याच्याशी याची जवळीक आहे.

‘शक्ती’ या वृंदाचे उदाहरण मधले ठरेल. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथील साउदॅम्प्टन महाविद्यालयात श्रोत्यांसमोर मुद्रित झाली आणि १९७६ साली प्रसिद्ध झाली. मुंबईचे झाकिर हुसेन (१९५१-२०२४), व्हायोलिनवादक एल. शंकर, घटम् वाजविणारे विनायकराम, मृदंगवादक राघवन आणि इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन. मॅक्लॉफ्लिन यांनी आपल्या गिटारीला तरफेच्या तारा बसवून घेतल्या आणि मींड काढता यावी म्हणून पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट करविले. येथे पाहुणा नुसता शेजारी येऊन बसत नाही. त्याच्या वाद्याचा देहच बदलतो. संसृष्टीकडून संकराकडे जाण्याची ही पायरी म्हणता येईल.

‘स्नार्की पपी’च्या बाबतीत तीळतांदूळ निवडीत बसणे व्यर्थ होय. डॅलसच्या कृष्णवर्णीय चर्चमधील वादनपरंपरा, विद्यापीठातील जॅझचे शिक्षण, ब्राझील व आफ्रिका येथील तालप्रकार हे घटक त्यात आहेत. परंतु एखाद्या तुकड्यावर बोट ठेवून हा अमका व हा तमका असे सांगावे, तर पुढच्या मात्रेला ते विधान खोटे ठरते. हा खरा संकर. अडचण एवढीच की मराठीत ‘संकर’ हा शब्द वर्णसंकराच्या आठवणीने मलिन झाला आहे आणि तो कोणीही आपल्या भित्तिपत्रकावर छापणार नाही. ‘मिश्र’ हा शब्द रागनामांत मानाने वावरतो, पण तेथे तो मुख्य रागातील किंचित सैलपणा दर्शवितो. ‘मिलाफ’ सोपा आणि गोड आहे. त्यात वितळणे नाही. तेव्हा मुंबई-पुण्यातील मराठी जाहिराती ‘फ्यूजन’ हाच शब्द देवनागरीत लिहितात यास आळस म्हणता येणार नाही. मात्र सतारीच्या पाठीमागे ड्रम ठेवले की त्याला फ्यूजन म्हणण्याची जी चाल पडली आहे, ती शब्दाला निकामी करणारी आहे. तिच्यात संकर तर नसतोच, पुष्कळदा धड संसृष्टीही नसते.

जाहिरातीतील दुसरा शब्द ‘गिग’. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. एका रात्रीपुरते ठरलेले वादनाचे काम या अर्थाने तो १९२० नंतरच्या वादकांच्या बोलीत आढळतो. मराठीत त्याला ‘मैफल’ म्हणावे तर ती श्रोत्यांच्या बाजूने पाहिलेली वस्तू आहे, आणि ‘प्रयोग’ नाटकाकडे ओढतो. वादकाच्या बाजूने पाहणारा नेमका शब्द तमाशा आणि बँडवाल्यांच्या व्यवहारात आहे : ‘सुपारी’. सुपारी घेतली म्हणजे दिवस बांधला गेला. ‘बिदागी’ मिळते ती नंतर, निरोप घेताना. पुढे ‘सुपारी’ हा शब्द गुन्हेगारी जगाने पळविला आणि सभ्य लेखनातून तो जवळजवळ बाद झाला. ‘गिग’वरही असाच प्रसंग आला आहे : २००९ च्या सुमारास तो शब्द कायम नोकरी नसलेल्या, कामागणिक पैसे मिळविणाऱ्या साऱ्या श्रमिकांच्या अर्थव्यवस्थेला लावला जाऊ लागला. वादकांची शतकभराची अस्थिरता आता इतरांच्या वाट्याला आली आणि तिच्यासोबत त्यांचा शब्दही गेला.

‘अल्बम’विषयी थोडेच सांगणे पुरे. प्राचीन रोममध्ये चुना लावलेल्या पांढऱ्या पाटीला हे नाव होते. तिच्यावर न्यायाधिकाऱ्यांचे जाहीरनामे लिहीत. पुढे तो शब्द मित्रांच्या स्वाक्षऱ्यांच्या वहीला, छायाचित्रांच्या पुस्तकाला आणि अखेर अनेक तबकड्या ठेवण्याच्या जाड पुठ्ठ्याच्या संचाला लागला. १९४८ साली दीर्घकाळ वाजणारी तबकडी आल्यावर संच गेला, नाव राहिले. जी वस्तू आज जाहिरातीचा विषय आहे, तिचे नाव मुळात जाहिरातीच्या फलकाचे होते.

आता ‘स्वतंत्र’ या विशेषणाकडे वळावयाचे. संगीतव्यवसायात त्याचा अर्थ मालकीपुरता आहे : युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या समूहांच्या मालकीबाहेर असणे. परंतु ‘स्नार्की पपी’ची २०१५ ची ‘सिल्वा’, जी नेदरलँड्समधील मेट्रोपोल ऑर्केस्ट्रासमवेत केली, ती युनिव्हर्सल समूहातील ‘इम्पल्स’ या नाममुद्रेखाली निघाली. मग स्वातंत्र्य गेले काय?

पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य असे केले आहे. त्याच्या भाष्यकारांचा विवेक असा की स्वतंत्र म्हणजे साधनावाचून काम करणारा नव्हे. सुताराला कुऱ्हाड लागतेच. तरीही क्रियेत प्रधान कोण, कोणाच्या इच्छेने इतर कारके कामाला लागतात, हे पाहावयाचे. याच्या जोडीला पाणिनी प्रेरणा देणाऱ्या प्रयोजकाचीही सोय करतो, आणि मराठीने ती आपल्या प्रयोजक क्रियापदांत जपली आहे. ‘वृंद ध्वनिमुद्रण करतो’ आणि ‘कंपनी वृंदाकडून ध्वनिमुद्रण करविते’ या दोन वाक्यांत वाजविणारे हात तेच असतात. पहिल्या वाक्यात वृंद कर्ता आहे. दुसऱ्यात तो तृतीयेच्या छायेत सरकला आहे, आणि सुरांची निवड, वादकांची संख्या, रचनेची लांबी हे सारे प्रयोजकाला विचारून ठरू लागते. स्वतंत्र वृंदाचा झगडा कंपनी टाळण्याचा नसून तिला करणाच्या स्थानी ठेवण्याचा असतो. लीग याने २०१२ साली ‘ग्राउंडअप’ ही स्वतःची नाममुद्रा ‘रोपअडोप’ या छोट्या कंपनीच्या आश्रयाने काढली, ती याच हेतूने असे मानावयास हरकत नाही.

या स्वातंत्र्याची किंमत हलकी नव्हती. आरंभीची वर्षे मोटारीतून लांबलांबचे प्रवास आणि अत्यल्प प्राप्ती यांत गेली. वादनाच्या जोडीला विद्यालयांतून शिकविण्याचे वर्ग घेतले जात. विसाहून अधिक माणसांच्या वृंदाला एका रात्रीची मिळकत वाटून घेणे म्हणजे काय, याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा. अशा वृंदापाशी जाहिरातीसाठी वेगळा पैसा असणे शक्य नव्हते.

त्यांनी काढलेला मार्ग म्हणूनच अभ्यसनीय आहे. २०१० साली लुइझियाना राज्यातील एका ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी श्रोत्यांना वादकांच्या मधोमध बसविले, त्यांच्या कानांना श्रवणयंत्रे लावली, आणि वादन चालू असता ध्वनी व चित्र दोन्ही एकाच वेळी मुद्रित केली. कार्यक्रम, ध्वनिमुद्रिका आणि जाहिरात या तीन वस्तू येथे एक झाल्या. वितळल्या, असे खुशाल म्हणावे. आणि त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ठेवले ‘टेल युवर फ्रेंड्स’, म्हणजे ‘मित्रांना सांगा’. हे शीर्षक आज्ञार्थी वाक्य आहे. नेहमीच्या क्रियापदहीन जाहिरातीच्या जागी येथे क्रियापद आले, आणि त्याचा कर्ता आहे श्रोता. दवंडी पिटण्याचे काम ऐकणाऱ्याच्या हाती देऊन टाकले आहे. पुढे चित्रफिती हातोहाती जगभर पसरल्या. हाच प्रकार ऑक्टोबर २०१३ मध्ये उट्रेख्त येथे ‘वी लाइक इट हिअर’ या ध्वनिमुद्रिकेसाठी पुन्हा केला गेला.

पहिला ग्रॅमी पुरस्कार या वृंदाला २०१४ साली मिळाला. तो लाला हॅथवे या गायिकेसह केलेल्या ‘समथिंग’ या गीताबद्दल, ऱ्हिदम-अँड-ब्लूज या वर्गात होता. त्यानंतरचे चार, २०१६, २०१७, २०२१ आणि २०२३ साली, ‘समकालीन वाद्यसंगीत’ या वर्गातील ध्वनिमुद्रिकांबद्दल. ‘जॅझ-फ्यूजन’ असे स्पष्ट नाव असलेला ग्रॅमीचा एक स्वतंत्र वर्ग १९८० पासून होता. तो १९९१ नंतर त्या नावाने राहिला नाही.