अवजार कोणाचे, चित्र कोणाचे?



आमचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत कायद्याची पुस्तके चाळीत झाले. अशा माणसाने चित्रकारांविषयी काय बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु आम्ही कलेवर बोलणार नाही. ज्या हातांची ती कमाई आहे त्या हातांवर बोलणार आहोत.

पाचोडातली एक मुलगी आमच्याकडे आली. ती घरी बसून संगणकावर मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. बारा चित्रे पाठवून आठ महिने झाले, पैसे नाहीत. दरम्यान प्रोग्रामचे मासिक भाडे थकले, प्रोग्राम बंद पडला आणि तिचीच चित्रे तिला उघडता येईनात. “काका, चित्र मी काढलं, मग कुलूप दुसऱ्याचं कसं?” असे तिने विचारले. त्याचे उत्तर शोधताना जे शिकलो ते आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अवजाराची. माग कोणाचा यावर विणकराची मजुरी ठरते, हे पैठणच्या शेजाऱ्यांना सांगावयास नको. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. चित्रे घरोघर गेली, पण कर्ज वाढले आणि छापखाना विकावा लागला. तरीही त्याचा कुंचला त्याचाच राहिला. आज तेवढेही उरलेले नाही. अडोबी कंपनीची सॉफ्टवेअर पूर्वी एकदा विकत घेऊन वर्षानुवर्षे वापरता येत. २०१३ साली कंपनीने जाहीर केले की, यापुढच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतील. वर्गणी थांबली की अवजार थांबले. निजामी मुलखात १९५० साली कुळांसाठी कायदा झाला. चित्रकार मात्र आज आपल्या अवजाराचे कूळ झाला आहे, आणि त्याला कुळकायदा नाही.

यावर उपाय साधे आहेत. पुरे झालेले प्रत्येक चित्र पीडीएफ, टिफ किंवा एसव्हीजी अशा, दुसऱ्या प्रोग्रामातही उघडणाऱ्या रूपात जपून ठेवावे. क्रिता, गिंप, इंकस्केप हे प्रोग्राम फुकट मिळतात व कामाचेही आहेत. पण छापखानेवाला कोरलड्रॉची फाईल मागतो, प्रकाशक अडोबीची. म्हणून पूर्ण सुटका होत नाही हेही खरे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मराठी चित्रकाराचा हा जास्तीचा त्रास. जुन्या डीटीपी फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की मजकुराची खिचडी होते. युनिकोडमुळे हे दुखणे बरेच कमी झाले. तरी काही प्रोग्रामांत योग्य पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून छापावयास देताना अक्षरे ‘कर्व्ह’ करून द्यावीत, आणि मजकुराची एक प्रत दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. रंगांचेही तसेच. पडदा प्रकाशाचे तीन रंग दाखवतो, छापखाना चार शाया वापरतो. पडद्यावरचा झळझळीत निळा कागदावर मंद होतो. गिऱ्हाईक दोष चित्रकाराला देते. आधी छापील प्रूफ दाखवून मंजुरी घ्यावी.

तिसरी गोष्ट मोबदल्याची, आणि खरे दुखणे इथे आहे. मोसंबीचा बाग झाडावर देताना आपला शेतकरी भाव ठरवतो, विसार घेतो. चित्रकार मात्र विसार मागावयास लाजतो. दुरुस्त्या किती वेळा, हेही ठरत नाही. मग दोन दिवसांचे काम पंधरा दिवस चालते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः चित्रकार असतो. परंतु नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क मालकाकडे जातो, आणि कोणी मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच कागद करावा. हक्क दुसऱ्यास द्यावयाचे ते लेखी व सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो.

थकबाकीसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. उद्यम नोंदणी फुकट होते. मात्र ती काम देण्यापूर्वी करावी. मागच्या बिलाला तिचा लाभ मिळेल असे धरून चालू नये.

आमच्या मुलीची नोंदणी आधी झालेली नव्हती. पत्रे लिहिली, फेऱ्या मारल्या. अर्धे पैसे मिळाले, अर्धे बुडाले. आम्ही तिला न्याय मिळवून दिला असे म्हणणे खोटे होईल. पण पुढच्या कामाला तिने तिसरा हिस्सा विसार घेतला, दुरुस्त्या दोन असे लिहून घेतले, आणि गिऱ्हाईक पळाले नाही.

एकट्याने अट घातली तर ‘दुसरा पाहतो’ असे उत्तर मिळते. म्हणूनच १९२६ च्या कायद्याने सात कामगारांना मिळून संघ नोंदवण्याची वाट दिली होती. चित्रकार एकमेकांना दिसत नाहीत, प्रत्येकजण आपल्या खोलीत पडद्यासमोर बसलेला असतो. हीच त्यांची खरी दुर्बलता. पाचोड, पैठण, संभाजीनगर एवढ्या टापूत सात चित्रकार सापडणार नाहीत काय? त्यांनी एकत्र बसून कराराचा एकच नमुना ठरवावा. कागद आम्ही लिहून देऊ. सह्या त्यांनी करावयाच्या आहेत.