रेस सोडली की गाडी बंद पडते? आधी चोक ओढून बघा

वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. अशा वेळी रेस सोडली की जुनी बाईक धडधडते आणि बंद पडते. मागून ट्रक येत असेल तर हे जिवावर बेतू शकतं.

1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झालं, त्याआधीच्या बहुतेक बाईक्सना कार्बोरेटर आहे. रेस सोडल्यावर त्यातल्या पायलट जेटच्या बारीक भोकातून इंजिनला पेट्रोल मिळतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पेट्रोल सुकून ते भोक बुजतं.

दोष कसा ओळखाल?

• गरम इंजिनवर चोक थोडा ओढा. गाडी स्थिर झाली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा जादा हवा शिरतेय. जेट साफ करून घ्या, कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर तडकलंय का पाहा.

• गाडी आणखी बिघडली आणि प्लगही काळा असेल, तर पेट्रोल जास्त होतंय. आधी एअर फिल्टर तपासा.

• पावसानंतरच त्रास होतो? पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं. इंजिन गार झाल्यावर ड्रेन स्क्रूमधून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. पाणी तळाशी वेगळं दिसतं.

नुसता स्क्रू पिळून रेस वाढवली तर गाडी चालू राहील, पण दोष तसाच राहील. म्हणून स्क्रूला हात सगळ्यात शेवटी!